९७ टक्के कशाचे?

संस्थेतल्या सगळ्या संगणकांच्या सुरक्षा सेटिंग एका जागी बसून कशा तपासायच्या, यावर गेल्या अंकात लिहिलं होतं. त्यावर बँका, कारखाने आणि कॉलेजांमधून बरीच पत्रं आली. स्वतःच्या मोबाइलची काळजी वाटणाऱ्या नोकरदारांनीही लिहिलं. त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण बाकीच्या प्रश्नांची मुळंही त्यातच आहेत.

प्रश्न : आमच्या नागरी सहकारी बँकेच्या १४ शाखा आहेत. मी आयटी विभाग सांभाळतो. गेल्या वर्षी सगळे संगणक मायक्रोसॉफ्ट इंट्यूनखाली (सगळी उपकरणं एका जागेवरून सांभाळणाऱ्या सेवेखाली) आणले. डॅशबोर्डवर ९७ टक्के उपकरणं 'कम्प्लायंट', म्हणजे नियमात असलेली, दिसतात आणि तोच आकडा मी संचालक मंडळापुढे ठेवतो. परवा ऑडिटर एका शाखेत गेले आणि त्यांनी पाच संगणक उघडून पाहिले. तीनवर पेन ड्राइव्ह चालत होता, एकावर डिस्कचं एन्क्रिप्शन असूनही त्याचं संरक्षण बंद होतं. आता मंडळ विचारतंय, आकडे फुगवले का? मी काहीही फुगवलेलं नाही. मग गोम कुठे आहे?
– एक आयटी अधिकारी, सांगली जिल्हा

उत्तर : तुम्ही काही फुगवलेलं नाही, हे पत्र वाचतानाच पटलं. पश्चिम महाराष्ट्रातल्या सहकारी बँकांची सिस्टिम ऑडिट करण्यात माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. असे आकडे कुणी मुद्दाम फुगवताना मी क्वचितच पाहिलं. ते आपोआप फुगतात, आणि कसे फुगतात ते समजून घेतलं तर तुम्हाला मंडळापुढे ताठ मानेनं उभं राहता येईल.

पहिला प्रश्न, ९७ टक्के कशाचे? टक्केवारीतला अंश सगळे बघतात, छेद कुणी विचारत नाही. कन्सोल, म्हणजे तुमचा डॅशबोर्ड ज्यात आहे ती इंट्यूनची यंत्रणा, छेद म्हणून फक्त त्याच्याकडे नोंदलेली उपकरणं धरतो. जे त्याच्याकडे कधी आलंच नाही, ते त्याच्या हिशेबात नसतंच. म्हणून आधी बँकेचं डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ सामानाची नोंदवही) काढा. त्याच्या शेजारी इंट्यूनमधली यादी ठेवा, अँटिव्हायरस सर्व्हरवरची ठेवा आणि प्रत्येक शाखेच्या नेटवर्कवर आयपी पत्ता घेणाऱ्या उपकरणांचीही ठेवा. या चार याद्या पहिल्या खेपेला जुळल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

एका शाखेत कॅशियरच्या मागे लाकडी कपाटाला लागून एक जुना डेस्कटॉप होता. वर प्लॅस्टिकचं कव्हर, त्यावर चलनाची पुस्तकं. शाखाधिकारी म्हणाले, "तो बंदच असतो, मॅडम." मागे हात घातला तर नेटवर्कची वायर लावलेली आणि सीपीयू कोमट. थकबाकीच्या नोटिसा छापायला वसुली विभाग तो रोज दुपारी सुरू करत होता, कारण नोटिशीचा जुना फाँट फक्त त्याच्यावर होता. त्याच्यावर कर्जदारांची नावं, पत्ते, जामीनदारांचे फोन नंबर. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये त्याची नोंद होती. कन्सोलमध्ये मात्र नव्हती, त्यामुळे टक्केवारी बिघडवायला तो मोजदादीत कधी आलाच नाही.

दुसरी गोम इंट्यूनच्या मूळ सेटिंगमध्येच आहे. एखाद्या उपकरणाला कुठलीच कम्प्लायन्स पॉलिसी लागू केलेली नसेल तर त्याला काय म्हणायचं, याचं मूळ उत्तर तिथे 'कम्प्लायंट' असं आहे. नवा लॅपटॉप नोंदवला आणि त्याला गटात टाकायचं राहिलं, तर काहीही न तपासता तो हिरवा. कम्प्लायन्स पॉलिसीच्या सर्वसाधारण सेटिंगमध्ये जाऊन हे 'नॉट कम्प्लायंट' करा. हे बदललं की तुमचे ९७ टक्के खाली येतील. येऊ द्या. मंडळाला मात्र आधी सांगून ठेवा.

त्याच पानावर आणखी एक आकडा आहे : कम्प्लायन्स स्थितीची मुदत. मुळात ती ३० दिवसांची असते. म्हणजे संगणकानं शेवटचं 'सगळं ठीक' कळवलं आणि तो गप्प झाला, तर जवळजवळ महिनाभर तो हिरवाच दिसतो. जवळजवळ रोज उघडणाऱ्या शाखेतल्या काउंटरवरच्या संगणकाला एवढी मुदत कशाला? ती कमी करा. आणि मंडळाला एक टक्केवारी न देता तीन संख्या द्या : नियमात असलेले किती, नियमाबाहेरचे किती आणि गप्प किती. मी स्वतः तिसऱ्या संख्येपासून वाचायला सुरुवात करते. नियमाबाहेरच्या संगणकाचा निदान दोष माहीत असतो. गप्प असलेल्याचं काहीच माहीत नसतं. तो दुरुस्तीला गेलाय, चोरीला गेलाय की कुणी त्याच्यावरचा एजंट (कन्सोलला खबर देणारा छोटा प्रोग्राम) काढून टाकलाय, हे तिथे जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही.

आता पेन ड्राइव्हचं. इंट्यूनमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉन्फिगरेशन प्रोफाइल सेटिंग पाठवते आणि कम्प्लायन्स पॉलिसी ठरावीक गोष्टी तपासते. विंडोजसाठी त्या ठरावीक गोष्टींमध्ये बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन), सिक्युअर बूट, फायरवॉल, अँटिव्हायरस, पासवर्ड, विंडोजची किमान आवृत्ती हे सगळं येतं, पण यूएसबी साठवण बंद आहे का हे येत नाही. म्हणजे तुमचे ९७ टक्के पेन ड्राइव्हबद्दल काही बोलतच नव्हते. ते हवं असेल तर पॉवरशेलची छोटी स्क्रिप्ट लिहून स्वतःची तपासणी जोडता येते. तुमच्याकडे बंदी रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंग जिथे साठवलेल्या असतात तिथून) घातली असेल, तर यूएसबीस्टोर या सेवेचा 'स्टार्ट' आकडा बघायचा. तो ४ असेल तर बंद, ३ असेल तर चालू.

४ चा ३ कसा होतो? बहुतेक वेळा असा : पासबुक प्रिंटर अडतो, काउंटरसमोर रांग लागते, एएमसीचा (वार्षिक देखभाल करारावरचा) इंजिनिअर प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, पेन ड्राइव्हवर घेऊन येतो, शाखेतून कुणीतरी त्याला लोकल अ‍ॅडमिनचा, म्हणजे त्या संगणकावर काहीही बदलू शकणाऱ्या खात्याचा, पासवर्ड सांगतं. तो बंदी काढतो, प्रिंटर चालू करतो आणि पुढच्या शाखेत जातो. त्याला किंवा शाखाधिकाऱ्याला दोष देऊन काही होत नाही. रांगेतल्या माणसाला पासबुक भरून हवं असतं आणि ते रास्तच आहे. खरी दुरुस्ती दोन ठिकाणी आहे. एक, सगळ्या शाखांत असलेला तोच तो लोकल अ‍ॅडमिन पासवर्ड आधी मोडा. विंडोजमध्ये एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून लॅप्स ही सोय अंगभूत आहे. ती प्रत्येक संगणकाला वेगळा पासवर्ड देते आणि तो ठरावीक काळानं बदलते. दोन, ड्रायव्हर मुख्य कार्यालयातून पाठवायची व्यवस्था करा, म्हणजे पेन ड्राइव्हची गरजच पडणार नाही.

काही शाखा अजून जुन्या ग्रुप पॉलिसीवर (बँकेच्या स्वतःच्या सर्व्हरवरून सेटिंग पाठवायच्या पद्धतीवर) असतील तर तिथली मेख वेगळी आहे. ग्रुप पॉलिसी साधारण दर ९० मिनिटांनी ताजी होते म्हणून आपण निर्धास्त असतो. पण रजिस्ट्रीतल्या बहुतेक सेटिंगच्या बाबतीत, सर्व्हरवरच्या पॉलिसीत बदल झालेला नसेल तर संगणक ती पुन्हा लावतच नाही. शाखेत कुणी हातानं बदललेलं तसंच राहतं. 'पॉलिसी बदललेली नसली तरी पुन्हा लागू करा' असा पर्याय तिथे आहे. तो चालू करा.

डिस्कचं तर ऑडिटरनं अगदी नेमकं पकडलं. बिटलॉकरची स्थिती कमांडवर विचारली की वर एक ओळ येते, 'एन्क्रिप्शन १०० टक्के'. खाली दुसरी येते, 'प्रोटेक्शन ऑफ'. दोन्ही खऱ्या असतात. बायॉस (संगणक सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करताना बिटलॉकर तात्पुरतं स्थगित करतात. कुणी ते पुन्हा सुरू करायला विसरलं तर डिस्क कुलूपबंद, पण किल्ली त्याच डिस्कवर उघडी. त्यातून इंट्यूनची बिटलॉकर तपासणी संगणक सुरू होतानाच्या नोंदीवर चालते. महिना-महिना रीस्टार्ट न होणारा संगणक जुनंच प्रमाणपत्र दाखवत राहतो. दर आठवड्याला एक सक्तीचा रीस्टार्ट ठेवा, शाखा सुटल्यावर.

शेवटचं. दर महिन्याला एका शाखेत स्वतः जा आणि चार-पाच संगणक उघडून बघा, ऑडिटरनं पाहिले तसेच. नमुना निवडताना यादी कन्सोलमधून काढू नका, डेडस्टॉक रजिस्टरमधून काढा. कन्सोलमधून निवडलात तर कन्सोलला माहीत असलेलेच संगणक पुन्हा तपासाल.

प्रश्न : मी एका बँकेचा संचालक आहे, व्यवसायानं द्राक्ष बागायतदार. दर बैठकीत आयटीवाले हिरवा आलेख दाखवतात आणि पाच मिनिटांत विषय मंजूर होतो. मला त्यातलं काही कळत नाही, पण गप्प बसायलाही बरं वाटत नाही. काय विचारू?
– एक संचालक, निफाड

उत्तर : आपण विचारायलाच हवं. रिझर्व्ह बँकेनं ३१ डिसेंबर २०१९ ला नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चार स्तरांची चौकट घालून दिली आणि तिची जबाबदारी मंडळावरही आहे. आपली बँक कोणत्या स्तरात येते, हा पहिला प्रश्न. उत्तर लगेच मिळालं नाही, तर तेही एक उत्तर समजा.

त्यानंतर असं विचारा : एकूण उपकरणं किती, आणि हा आकडा कोणत्या रजिस्टरमधला? सात दिवसांत ज्यांच्याकडून काहीच कळलेलं नाही अशी किती? नियमातून सूट दिलेली किती, कुणाच्या सहीनं, कुठल्या तारखेपर्यंत? मागच्या तिमाहीतले कोणते दोष या तिमाहीत पुन्हा आले? हिशेबाच्या ऑडिटनंतरचा दोषदुरुस्ती अहवाल आपण ओळ न् ओळ वाचता. इथेही तोच हक्क वापरा.

आणि एक प्रश्न विसरू नका : तपासणी करणारी यंत्रणा स्वतः चालू आहे का, हे कोण तपासतं? हा प्रश्न का, ते इक्विफॅक्सच्या प्रकरणावरून कळेल. लोकांच्या कर्जाच्या इतिहासाची नोंद ठेवणारी ही अमेरिकी कंपनी. ७ मार्च २०१७ ला अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधल्या एका गंभीर त्रुटीवर दुरुस्ती उपलब्ध झाली. दोनच दिवसांत कंपनीत ४८ तासांत ती लावा असा मेल फिरला. पुढच्या आठवड्यात स्कॅनही झालं आणि त्यात काही सापडलं नाही. कागदावर सगळं बिनचूक. पण तक्रारी नोंदवायचं एक जुनं पोर्टल तसंच राहिलं होतं, स्कॅननं ते पाहिलंच नव्हतं. मे महिन्याच्या मध्यापासून चोर त्यातून आत-बाहेर करत होते. बाहेर जाणारी माहिती तपासायला कंपनीकडे उपकरण होतं, पण त्याचं डिजिटल प्रमाणपत्र कितीतरी महिन्यांपूर्वी संपलं होतं. त्यामुळे समोरून माहिती जात असताना ते आंधळं होतं. जुलैच्या शेवटी कुणीतरी प्रमाणपत्र बदललं आणि लगेच संशयास्पद वाहतूक दिसली. तोवर सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली होती. नियम होता, आदेश होता, तपासणीही होती. पण आपल्याकडे काय काय आहे याची पुरी यादी नव्हती, आणि पहारेकऱ्यावर लक्ष ठेवणारं कुणी नव्हतं. मला या प्रकरणाचा राग येतो तो यासाठी की यातली एकही गोष्ट अवघड नव्हती.

कायद्याचं थोडक्यात. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि सगळ्या यंत्रणांची घड्याळं ठरवून दिलेल्या सरकारी वेळ-सर्व्हरशी जुळलेली लागतात. घड्याळाची अट किरकोळ वाटते. पण दोन शाखांची घड्याळं दहा मिनिटांनी वेगळी असली की आधी काय घडलं आणि नंतर काय, हेच ठरवता येत नाही. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात तर सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे. वाहन उद्योगातल्या एका मोठ्या ग्राहकानं प्रश्नावली पाठवलीय : सगळी उपकरणं सुरक्षा नियमांत आहेत का, होय की नाही. ऑफिसचे संगणक ठीक आहेत. पण दोन सीएनसी (संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या) मशीनचे कंट्रोलर विंडोज एक्सपीवर आहेत आणि एक मोजमाप यंत्र विंडोज ७ वर. यंत्र बनवणारे म्हणतात, विंडोज बदललं तर आमची जबाबदारी नाही. नवीन घ्यायचं तर कर्ज काढावं लागेल. 'होय' लिहून टाकू का?
– एक उद्योजक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : 'होय' लिहू नका. ते उत्तर करारात धरलं जातं आणि काही झालं की पहिल्यांदा तोच कागद पुढे येतो. 'नाही' लिहा आणि सोबत एक पान जोडा. चालणारं यंत्र नुसत्या विंडोजपायी भंगारात काढा, असं मी कधीच सांगणार नाही. पण ते उघड्यावरही ठेवायचं नाही.

त्या पानाला अपवाद नोंद म्हणा. प्रत्येक यंत्रासाठी लिहा : यंत्र कोणतं, नियमात का बसत नाही, त्याऐवजी कोणती काळजी घेतली आहे, जबाबदार कोण, आणि ही सूट कोणत्या तारखेला पुन्हा तपासायची. तारीख नसलेली सूट देऊ नका, ती कायमची होऊन बसते. मासिक अहवालातही अशी यंत्रं वेगळी मोजा. हिरव्यात मिसळू नका आणि लाल म्हणूनही सोडून देऊ नका. रोज तोच लाल रंग दिसला की माणूस तिकडे बघायचं सोडतो आणि मग नवा लाल आला तरी लक्षात येत नाही.

काळजी म्हणजे काय? ही तीन यंत्रं वेगळ्या नेटवर्कवर घ्या, इंटरनेट पूर्ण बंद. प्रोग्राम पाठवायला मध्ये एकच अद्ययावत संगणक ठेवा आणि यंत्राशी बोलायची परवानगी फक्त त्याला द्या. एक्सपीला फाइल पाठवायला एसएमबीची (नेटवर्कवर फाइल देण्या-घेण्याच्या पद्धतीची) पहिली आवृत्ती लागते. तेवढ्यासाठी ऑफिसच्या सर्व्हरवर ती चालू करू नका, मधल्या संगणकापुरतीच ठेवा. फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस मे २०१७ मध्ये त्याच वाटेनं जगभर पसरला होता, आणि त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं त्याच वर्षी १४ मार्चला दिलेली होती. कंट्रोलरच्या हार्ड डिस्कची पूर्ण प्रतिमा काढून कपाटात ठेवा. वीस वर्षांची डिस्क हॅकरची वाट बघत बसत नाही.

तुम्हाला वाटेल, वर्कशॉपवर कोण हल्ला करतंय? तैवानच्या टीएसएमसीचं बघा, दुसऱ्या कंपन्यांसाठी चिप बनवून देणारी जगातली सगळ्यात मोठी कंपनी. ३ ऑगस्ट २०१८ च्या संध्याकाळी तिथे एक नवीन यंत्र बसवताना त्याचं सॉफ्टवेअर व्हायरससाठी न तपासताच नेटवर्कला जोडलं गेलं. वॉनाक्रायचाच एक प्रकार आत शिरला आणि विंडोज ७ वरची, दुरुस्ती न लावलेली यंत्रं एकामागून एक बंद पडली. त्यांच्यावर नेम धरून कुणी हल्ला केला नव्हता. म्हणून तुमच्या यादीत एक नियम वाढवा : नवीन किंवा दुरुस्तीहून आलेलं कुठलंही यंत्र, आणि सर्व्हिस इंजिनिअरचा लॅपटॉपसुद्धा, तपासल्याशिवाय नेटवर्कला लागणार नाही.

हे आपल्या दारापर्यंतही येऊन गेलं आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला. त्यानं मर्स्क या जहाज कंपनीला गाठलं आणि त्याच गटाचं न्हावा शेव्यातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल ठप्प झालं. मर्स्कला नंतर ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानं उभे करावे लागले. नॉटपेट्या एका संगणकाच्या मेमरीतून पासवर्ड उचलायचा आणि तोच पासवर्ड चालणाऱ्या शेजारच्या संगणकात शिरायचा. तो संगणक अद्ययावत असला तरी त्याला फरक पडत नव्हता. सांगलीच्या वाचकांना वर लॅप्सबद्दल एवढं आग्रहानं लिहिलं, ते यासाठीच. तुमच्या ऑफिसच्या संगणकांनाही ते लागू आहे.

तुमचं प्रामाणिक 'नाही' वाचून ग्राहक काम काढून घेईल, ही भीती मला समजते. पण पुरवठादारांची तपासणी करणाऱ्या माणसाला तीन जुन्या यंत्रांची स्वच्छ नोंद दिसली, की बाकीच्या उत्तरांवर त्याचा विश्वास बसायला मदतच होते.

प्रश्न : माझ्या कंपनीनं ऑफिसचा मेल बघण्यासाठी माझ्या स्वतःच्या अँड्रॉइड फोनवर एक अ‍ॅप टाकायला सांगितलंय. 'डिव्हाइस कम्प्लायन्स'साठी म्हणे. त्यांना माझे फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅप दिसेल का? नकार दिला तर नोकरीवर परिणाम होईल अशी भीती वाटते.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : भीती वाटणं साहजिक आहे आणि विचारलंत हे चांगलं केलंत. स्वतःच्या फोनवर कंपनीनं 'वर्क प्रोफाइल' केलं असेल, तर फोनमध्ये दोन वेगळे कप्पे होतात. ऑफिसच्या अ‍ॅपवर ब्रीफकेसचं छोटं चिन्ह दिसतं. कंपनीला फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, सुरक्षा अपडेटची तारीख, स्क्रीन लॉक आहे का, फोन रूट केलाय का (म्हणजे त्याची मूळ सुरक्षा बंधनं मोडली आहेत का), एवढं कळतं. ऑफिसच्या कप्प्यातली अ‍ॅप दिसतात. तुमचे फोटो, मेसेज, कुणाला फोन केले, खासगी ब्राउझरमध्ये काय पाहिलं, हे दिसत नाही. नोकरी सोडलीत तर ऑफिसचा कप्पा पुसला जातो, तुमचा राहतो.

एक खूण पक्की लक्षात ठेवा. नोंदणीसाठी फोन फॅक्टरी रीसेट करायला सांगितला, तर थांबा. पूर्ण फोन कंपनीच्या ताब्यात देण्याची ती पद्धत असते. कंपनीनं दिलेल्या फोनसाठी ती ठीक, तुमच्या पैशांच्या फोनसाठी नाही. आयफोन असेल तर सेटिंगमध्ये जनरल, मग 'व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट' इथे कंपनीचं प्रोफाइल बघायला मिळतं.

आयटी विभागाला मेल करा आणि काय दिसतं, काय दिसत नाही, हे लेखी मागा. त्यात उद्धटपणा काही नाही. हा स्तंभ वाचणाऱ्या आयटीतल्या मंडळींनाही माझं कळकळीचं सांगणं आहे : हे एक पान मराठीत लिहून नोंदणीच्या आधीच द्या. उपकरणाची सेटिंग तपासणं वेगळं आणि माणसावर पाळत ठेवणं वेगळं. दर काही मिनिटांनी स्क्रीनचा फोटो घेणारी सॉफ्टवेअर काही ठिकाणी कम्प्लायन्सच्या नावाखाली बसवतात. त्यानं डिस्क एन्क्रिप्ट होत नाही की अपडेट लागत नाही. लोकांचा विश्वास मात्र उडतो, आणि मग लॅपटॉप हरवल्यावर ते दोन दिवस सांगत नाहीत.

प्रश्न : अमरावती जिल्ह्यातल्या अनुदानित कॉलेजात मी प्रयोगशाळा सांभाळते. ६० संगणक आहेत, बहुतेक विंडोज १० वर. बजेट शून्य. फुकटात काही करता येईल का?
– एक प्रयोगशाळा सहायक

उत्तर : बरंच काही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षा अपडेट मिळणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून आधी यादीत प्रत्येक संगणकासमोर लिहा : टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) आहे का, विंडोज ११ चालेल का. जे चालणार नाहीत त्यातल्या काहींवर लिनक्स टाका. प्रोग्रॅमिंगच्या बॅचला ते चांगलं पुरतं, आणि टर्बो सी हे जुनं प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर लागलंच तर डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) तिथेही चालतं.

तपासणीसाठी वाझू हे मुक्त सॉफ्टवेअर बघा. एका बऱ्यापैकी संगणकावर त्याचा सर्व्हर बसतो आणि बाकीच्यांवर छोटा एजंट. त्यात सेटिंग तपासणारा एक भाग आहे. तो सीआयएस या संस्थेच्या मापदंडांशी ताडून प्रत्येक नियमासमोर पास की नापास ते सांगतो, कारण आणि उपायही दाखवतो. सीआयएसची ती दस्तावेजं तुम्हाला विनामूल्य उतरवून घेता येतील. त्यात पहिला आणि दुसरा असे दोन स्तर असतात. तुम्ही पहिल्यावरच राहा.

पहिल्या दिवशी नापासांची लांबलचक यादी दिसेल. घाबरू नका, आणि सगळं एकदम दुरुस्त करायलाही जाऊ नका. स्वयंचलित अपडेट, फायरवॉल, विद्यार्थ्यांना अ‍ॅडमिन नसलेलं खातं, पेन ड्राइव्ह लावल्यावर आपोआप काही सुरू न होणं आणि प्रत्येक संगणकाचा वेगळा अ‍ॅडमिन पासवर्ड, एवढ्यावर पहिलं सत्र घालवा. कुठलाही बदल आधी एकाच संगणकावर करा, त्यावर एक पूर्ण प्रॅक्टिकल घेऊन बघा, मग रांगेतल्या बाकीच्यांवर करा. विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात मात्र कशालाही हात लावू नका. आणि वाझूच्या यादीत ६० नावं दिसतात का, हे दर सोमवारी पहिल्या बॅचच्या आधी मोजा. ५८ दिसली तर दोन संगणक कुठे आहेत ते प्रयोगशाळेत फिरून बघा.